नमुन्याची बाटली

दलेंदाताई,

आज नाबुलमध्ये नव्याने धंदा काढलेल्या बायकांपुढे मला बोलायला बसवलं होतं. एकीने विचारलं, "बेयाताई, पहिली मोठी ऑर्डर मिळाली कशी?" मी ऐटीत म्हटलं, "नमुना अस्सल द्या, बायांनो!" टाळ्या पडल्या. ओठांवर आलेलं पुढचं वाक्य मात्र मी गिळलं.

नारिंगीच्या फुलांचा अर्क आई अंगणातल्या तांब्याच्या भट्टीवर काढायची. तिचे हात थकले त्या साली एकच बाटली उरली होती. "ही माझ्या कफनावर शिंपडायला ठेव गं," असं तिने बजावलं होतं. तीच बाटली मी एका हॉटेलवाल्याला नमुना म्हणून दिली. त्याने वास घेतला आणि उभ्याउभ्या पाचशे बाटल्या मागितल्या. त्या मी पाण्यात बाजारचा इसेन्स घालून भरल्या. त्याला काही कळलं नाही. मग मी भट्टी पुन्हा पेटवलीच नाही.

आई गेली तेव्हा तू फ्रान्सहून धावत आलीस. कफनावर शिंपडायला मी माझ्या दुकानातली इसेन्सचीच बाटली पुढे केली. तू डोळे मिटून म्हणालीस, "आईच्या हातचा वास आहे गं हा!" मी मान डोलावली. उरलेला अर्क तू बरोबर नेलास. दर शुक्रवारी फोनवर सांगतेस, "आज बाटली उघडली, आई शेजारी येऊन बसली बघ."

काल म्हणालीस, "संपत आली गं. आईची आणखी एक असेल तर पाठव."

हे पत्र मी फाडणार आहे, ताई. बाटली उद्या पाठवते.

तुझी धाकटी,
बेया