काट्यावरचं दुसरं वजन

६ जानेवारी, सोमवार. रिसोड

नवी वही, नवं गाव, नवी खोली. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय, ऑपरेशनच्या आधीपासून रोज लिहा: काय खाल्लं, किती चाललात, मन कसं आहे. तर रीतसर सुरुवात करते. सुकेशनी, वय छत्तीस, अंगणवाडी पर्यवेक्षिका, वजन एकशे एकोणीस किलो. मन? एकदम झकास.

आसेगावहून मंगरुळपीर, तिथून वाशिम, तिथून रिसोड. तीन गाड्या बदलल्या. शेवटच्या एसटीत शेजारचा माणूस मला बघून उठला आणि सबंध वाट उभा राहिला. मी आरामात दोन सीटवर बसून आले. बदलीच्या पहिल्याच दिवशी एवढी सरबराई कुणाला मिळते?

खोली बाजार समितीच्या मागच्या गल्लीत आहे. मालकीणबाई गोजराबाई, सत्तरीच्या आसपास, एकट्या. मुलगा हरीओम पुण्याला कंपनीत असतो, इकडे फिरकत नाही म्हणे. पुढची खोली माझी, मधे स्वयंपाकघर, मागे एक कुलूपबंद खोली. जेवण त्यांच्याकडेच. दारातच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सगळेच न्याहाळतात. पण मला बघून खूश झालेलं माणूस आज पहिल्यांदा भेटलं. म्हणाल्या, "मले अशीच खाणारी बाई पायजे होती."

तुरीच्या सोल्यांची आमटी आणि ज्वारीच्या भाकरी. तीन खाल्ल्या. लपवायचं कशाला?

१० जानेवारी, शुक्रवार

आज तांड्यावरच्या अंगणवाडीत गेले. सेविका जमनाबाई, पन्नाशीची, काटक, बोलायला फटकळ. मी मुलांची वजनं घेत होते, तर एक पोरगी म्हणाली, मॅडम, आता तुमी चढा. मी चढले. काट्याने आकडा दाखवला, पोरं टाळ्या पिटायला लागली. मीही पिटल्या.

कुठे राहता, असं जमनाबाईंनी विचारलं. गोजराबाईंचं नाव ऐकून त्यांनी रजिस्टर मिटलं. मग विचारलं, जेवण त्याच देतात का? हो म्हटल्यावर विषय बदलला.

एक गोष्ट लिहून ठेवते. मी जेवते तेव्हा काकू (गोजराबाईंना मी काकूच म्हणते) समोर बसतात. पण माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या खांद्यामागे बघतात. पोटभर जेवून मी हात धुतला की सुस्कारा टाकतात, जणू त्यांचंच पोट भरलं.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांतीचा नवीनचा फोन आला. माझा धाकटा भाऊ. तिळगुळाच्या आधी भांडण. चांगलं पोट कोण कापून घेतं, लोक हसतील, तोंड आवर म्हणजे झालं, असं म्हणाला. तोंड आवर हे मी तेराव्या वर्षापासून ऐकतेय. आवरलंही, सात वेळा. दरवेळी वीस किलो गेले आणि पंचवीस परत आले. गुडघे गेलेत, साखर वाढलीय, झोपेत श्वास अडकतो म्हणून नाकाला यंत्र लावावं लागतं. ऑपरेशन करून इकडे यायचं नाही, असंही तो म्हणाला. नाही येणार. संमतीच्या कागदावर मीच सही केलीय. पोट माझं, सही माझी.

संध्याकाळी काकूंना सांगितलं. पोटाचा मोठा भाग काढून टाकतात, केळ्याएवढी नळी ठेवतात. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "काहून कापता बाई? तुमी नाई खाल तं थे काय खाईन?"

ती म्हणजे कोण, विचारलं. "कोणी नाई," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

२० जानेवारी, सोमवार

आजपासून दोन आठवडे फक्त पातळ. यकृत आकसलं तरच डॉक्टरांना दुर्बिणीने पोटापर्यंत पोचता येतं. सकाळी प्रोटीनची पावडर पाण्यात, दुपारी वरणाचं पाणी, मग ताक. छातीचा व्यायाम म्हणून तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र श्वासाने ओढायचं. दोन गोळ्या वर गेल्या, तिसरी हलेना. हलवीन.

ऑफिसातला जादा काटा खोलीत आणून ठेवलाय. वजन ११९.४. उतरले. आकडा शून्यावर जायला हवा. गेला ३४.६ वर. तिथेच थांबला.

सेल बदलले. पुन्हा ३४.६.

२४ जानेवारी, शुक्रवार

भूक म्हणजे काय ते या चार दिवसांत कळलं. भिंतसुद्धा चावावीशी वाटते. तरी घसरले नाही. मी ११६.८.

काट्यावरचं दुसरं वजन ३२.९.

काटा अंगणात नेला, तर शून्य. ऑफिसातलं पाच किलोचं माप ठेवलं, बरोबर पाच. खोलीत आणला, की रिकाम्या काट्यावर ३२.९. आमच्या बाबांनी शिकवलं होतं, भूत म्हणायच्या आधी कारण शोधावं. मी शोधतेय. बिघाड असेलही. पण बिघाड रोज अर्धा किलो झुरत नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून अकराला घरी आले. पंचायत समितीत मिळालेली जिलबीची पुडी काकूंसाठी आणली होती. टेबलावर ठेवली. खिडकीतून ऊन येत होतं, गल्लीत लाऊडस्पीकरवर गाणी चालू होती. मी साडीची पिन काढत होते.

मग पुडी रिकामी होती आणि माझी बोटं पाकाने चिकट होती. तोंडात गोडवा. मधली दहा मिनिटं कुठे गेली ते आठवत नाही.

आधी रडू आलं. मग रागाने साखर तपासली. १०४. पाव किलो जिलबी खाल्लेल्या बाईची साखर १०४? काट्यावर चढले. माझं वजन तेवढंच. दुसरं मात्र पाव किलोने वाढलेलं.

खाल्लं मी. पोचलं दुसऱ्या कुणाला.

१ फेब्रुवारी, शनिवार

पाच दिवस हातरुमालाने स्वतःचा उजवा हात खुर्चीला बांधून बसतेय. काकू भाकरी आणतात, उशाशी ठेवतात, हात जोडतात. "एकच घास खा माय. तुमच्या पाया पडतो." मी नाही खात. ताटासकट अंगणात नेऊन ठेवते.

उद्या अकोला. तिसरी गोळी काल वर गेली.

५ फेब्रुवारी, बुधवार. अकोला

झालं! परवा सकाळी. पोटावर पाच छोटी भोकं. जाग आली तेव्हा खांद्यात गॅसची कळ होती, घसा सोललेला. संध्याकाळी सिस्टरने उभं केलं, रात्र पडायच्या आत वॉर्डच्या चार फेऱ्या मारल्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, तुम्ही तर मिरवणूक काढली.

दर पंधरा मिनिटांनी तीस मिली पाणी, औषधाच्या टोपणाने. आणि भूक नाही. जन्मात पहिल्यांदा पोट गप्प आहे. इथे बोटं चिकट झाली नाहीत, एक मिनिटही हरवलं नाही. म्हणजे जे आहे ते त्या घरात आहे.

डॉक्टरांनी बजावलंय: आतली शिवण ओली आहे. दोन आठवडे पातळच. घट्ट घास गेला आणि शिवण उसवली तर आतलं सगळं पोटात पसरेल. ताप, डाव्या खांद्यात दुखणं, नाडी एकशेवीसच्या वर: तडक यायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार. रिसोड

परत आले. नवीनने फोन उचलला नाही. सामान, यंत्र, कागद सगळं इथेच. आणि भाड्याची असली तरी खोली माझी आहे. जमनाबाई आठ दिवस सोबतीला राहायला आल्यात. उंबऱ्यावर थबकल्या, मग पदर खोचून आत आल्या.

मी १०९.२. दुसरं २७.१. नऊ वर्षांच्या मुलीचं वजन आहे हे. मोठ्या बाईचं असेल तर कुठल्याही तक्त्यात लाल रेघेखाली येईल.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी दोन वाजता. जमनाबाई दूध आणायला गेलेल्या. मी पलंगावर टोपणाने वरणाचं पाणी पीत होते.

मग मी स्वयंपाकघरात उभी होते. हातात अर्धी भाकरी. तोंडात घास, चावलेला, गिळायच्या बेतात.

थुंकला. बोट घालून सगळं काढलं. आधी काही गिळलं की नाही माहीत नाही. दारात काकू उभ्या होत्या, डोळे पुसत. हळू आवाजात म्हणत होत्या, "खा. खा."

संध्याकाळपर्यंत नाडी मोजत बसले. ८८. ९२. ९०. ताप नाही. वाचले.

जमनाबाईंनी मग सांगितलं. मंजू. हरीओमची बायको. लग्न होऊन आली तेव्हा अंगाने भरलेली, हसरी. दोन वर्षं मूल झालं नाही. सासू म्हणाली, चरबीने होत नाही. स्वयंपाकघराला कुलूप लागलं. दिवसाला चतकोर भाकरी आणि लिंबूपाणी. मग तिलाच मागच्या खोलीत कोंडलं. जमनाबाई तेव्हा गल्लीत सीताफळं विकायच्या. मागच्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा. "एक दे वो बाई. एकच." त्या द्यायच्या. दुसऱ्या हंगामात आल्या, तर खिडकीला फळ्या ठोकलेल्या. काविळीने गेली, असं गावात सांगितलं.

त्यानंतर चार भाडेकरणी झाल्या. चौघी खाणाऱ्या. चौघी दुप्पट खायच्या, तरी वाळून खोली सोडून गेल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काकूंना समोर बसवून विचारलं. नाही म्हणाल्या नाहीत. "म्या तिच्या भल्यासाठीच केलं. बारीक झाली असती तं पोरगं झालं असतं." मेल्यावरही ती जेवण मागायची थांबली नाही. दुपार झाली की मागच्या खोलीची कडी वाजते. कुणी पोटभर जेवलं की गप्प होते. म्हणून भाडेकरीण. मी आता कामाची नाही, हे त्यांना कळलंय. एका शिक्षिकेला खोली दाखवून ठेवलीय. चांगली जाडजूड आहे, असं म्हणाल्या. भाजी निवडावी तसं.

मी विचारलं, तुम्ही स्वतः का नाही जेवलात तिच्या नावाने? त्यांनी तोंडाला पदर लावला.

जमनाबाई म्हणतात, "चाला मॅडम तांड्यावर. मरू द्या हे घर." जीप उद्या अडीचला आहे. जाईन. पण त्या शिक्षिकेसाठी हे असंच ठेवून नाही. मला बारीक व्हायचं होतं, मी सही केली. मंजूची सही कुणी घेतली होती?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी एक. मागच्या खोलीचं कुलूप जमनाबाईंनी वरवंट्याने फोडलं. आत काही नाही. फळ्या ठोकलेली खिडकी. भिंतीचा चुना कमरेच्या उंचीपर्यंत खरवडलेला. दातांच्या खुणा.

दारात उभी राहून मोठ्याने बोलले. म्हटलं, मंजू, माझं पोट मी कापून घेतलं, ते माझं आहे. तुझा घास मी नाही अडवला. ज्यांनी अडवला त्या इथे आहेत. ताट वाढून काकूंसमोर ठेवलं. म्हटलं, जेवा. तिच्यासाठी जेवा.

एक वीस. पहिला घास रडत घेतला. आता रडत नाहीत. सात भाकरी झाल्या. आमटीचं पातेलं तोंडाला लावलंय. जमनाबाई जीपवाल्याला बोलवायला धावल्या. मला धावता येत नाही, पोटात ओढ बसते. खोलीत येऊन बसलेय. मधलं दार उघडंच ठेवलंय, त्या दिसतात.

पीठ. कोरडं पीठ खातात. थांबा म्हटलं. ओरडून म्हटलं. ऐकत नाहीत. ओठांच्या कडा फाटल्यात. माझ्या सांगण्यावरून — हो, माझ्या. लिहून ठेवते.

दीड. थांबलं. काकू आडव्या पडल्यात. पोट माठासारखं. छाती हलत नाही.

मागची कडी वाजली.

आता काटा. त्यावर कुणी नाही. २७. ३९. ४६. चढतोय —

तिचा आवाज. पहिल्यांदाच. घोगरा, कोवळा. "ताई, अजून भूक हाये."

दार लावणार नाही. तिला दार लावूनच मारलं. बस म्हटलं तिला. जमनाबाई येतील, पातळ पेज करतील, आपण दोघी टोपणाने पिऊ. माझ्या तक्त्यातल्या एकाही पोराला मी उपाशी सोडलेलं नाही. पण माझ्या तोंडाने नाही. माझ्या तोंडाने नाही, मंजू —

डावा हात गेला. बघतेय मी. काकूंच्या ताटातला तुकडा उचलतोय — कधी उठले? मी स्वयंपाकघरात ताटाशी बसलेय. वही मांडीवर. उजवा अजून लिहितोय. लिहितोय तोवर माझा आहे.

तोंड मिटलंय. दात आवळलेत. बाहेर जीपचा हॉर्न. ये जमना, लवकर —

बोटं दातांशी. माझीच बोटं. नाही उघडणार. सुकेशनी. वय छत्तीस. पोट माझं. सही माझी. हात माझा. हात मा