जेवायला न बसण्याचं कलम

बेळगाव, ता. २ मार्च २०२५

ती. झिलूकाकांस,
पूजाचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. आपल्या गुंदात रेंज मिळते ती फणसाखाली, आणि तुमचं फोनवरचं बोलणं तिथून थेट आमच्या चुलीपर्यंत पोचतं. ही गोष्ट आईला कळायला नको.

लग्नाच्या फोटोंसाठी रामनगरच्या शिवानंदला ठरवलंय. काम छान आहे. तारीख वहीत मांडून ठेवतो म्हणाला, बोलणं तेवढंच. पण मला सोनालीताईचं लग्न आठवतं. अल्बमात तीनशे फोटो. त्यात आपली म्हैससुद्धा दोनदा आहे. आई मात्र, थोरल्या लेकीचं लग्न असून, एकातही नाही. बाबा गेल्यापासून कॅमेरा दिसला की ती चुलीमागं पळते. विधवा बाईनं मांडवात पुढं येऊ नये, हे तिच्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. तिचा फोटो म्हणाल तर आधार कार्डावरचा, आणि त्यात ती कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते.

काका, मला ड्रोन नको, काही नको. मांडवात माझ्याशेजारी उभी असलेली आई, असा एकच फोटो पाहिजे. तो नसला तर बाकीचा अल्बम मी उघडायचीसुद्धा नाही. काय करू ते कळवा.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
पूजा


गुंद, ता. ११ मार्च २०२५

चि. पूजा हिस,
झिलूकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कुणी भरवलं कोण जाणे, असं लिहिलंस. मी जाणतो. सोनालीच्या लग्नात, बायजा, जरा मागं सर, असं मीच म्हणालो होतो. चार माणसं बघत होती, त्यांची भीड पडली. ती मागं सरली ती आजवर पुढं आली न्हाई. तेव्हा हे काम माझं.

त्या वेळच्या फोटोवाल्याला मी नंतर जाब विचारला होता. तो म्हणाला, मला कुणी सांगितलंच न्हाई. खरंच होतं की! आपल्या मनातलं त्याला काय स्वप्नात दिसणार? म्हणून मी काल रामनगरला जाऊन शिवानंदला गाठलं आणि कागद करायचा म्हटलं. तो हसला. काका, माझ्यावर विश्वास न्हाई व्हय, असं म्हणाला. मी म्हटलं, विश्वास नसता तर तुला घरात तरी कशाला घेतला असता? पण अक्षय तृतीयेला गावोगाव लग्नं. तुलाच उद्या आठवायचं न्हाई की कुणाला काय कबूल केलंस.

मग बसलो दोघं. त्यानं स्वतः यायचं, बदली माणूस चालणार न्हाई. आदल्या संध्याकाळी मुक्कामाला यायचं. कॅमेरे दोन आणायचे. चाळीस दिवसांत अल्बम. आपल्याला विचारल्याशिवाय आपले फोटो दुकानाच्या पाटीवर लावायचे न्हाईत. पोरगा हुशार आहे. त्यानंही आपलं एक घातलं, अक्षता पडताना कुणी मोबाईल घेऊन त्याच्यापुढं उभं राहायचं न्हाई. मी लगेच मान्य केलं. कागद दोघांचा असतो.

तुझ्या आईच्या फोटोवर मात्र तो अडला. पळणाऱ्या बाईला मी काय दोरी लावून आणू, म्हणाला. तेही बरोबर. मग मी विचार करून सातवं कलम लिहिलं: नवरीची आई बायजा हिचा मांडवात नवरीशेजारी उभा फोटो निघेपर्यंत शिवानंद यांनी जेवायला बसू नये. बदल करायचा तर शिवानंद आणि पूजा दोघांच्या सह्या लागतील.

दोन प्रती पाठवतोय. सही करून एक त्याला दे. आईला यातलं अक्षर सांगू नकोस.

माया आहेच, तिला पाणी घालत राहा.
झिलूकाका


बेळगाव, ता. २० मार्च २०२५

ती. झिलूकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

सही केली. शिवानंदनंही केली, पण आधी जेवणात काय काय आहे ते विचारून घेतलं. मला एक कळत नाही. पळणार आई आणि उपाशी राहणार तो, ही कुठली शिक्षा? पण तुम्ही लिहिलंय म्हणजे काही असेल.

तुमच्या भरवशावर,
पूजा


खानापूर, ता. १४ मे २०२५

ती. झिलूकाका व ती. काकींस,
पूजा व योगेशचा शि. सा. न. वि. वि.

इथं सगळी चांगली आहेत. सासूबाई मला चहासुद्धा करू देत नाहीत. किती दिवस ते बघू!

काका, त्या दुपारचं मला अर्धंच कळलंय. आई तरातरा मांडवात आली ती हातात कागद आणि पेन घेऊन, आणि इथं सही कर म्हणून माझ्यावर ओरडायला लागली. मी पेन घेतलं नाही, तिचा हातच धरला. योगेश न सांगता बाजूला सरकले. त्यांच्या तारामावशी कुजबुजल्या, की ह्या बाई मांडवात कशा? तेव्हा शिवानंदनं कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता त्यांना विनंती केली, की हे लेखी ठरलंय आणि माझ्या पोटाचा प्रश्न आहे, आपण जरा डावीकडं व्हा. मावशीसुद्धा हसल्या. त्याआधी मागं काय झालं ते सविस्तर लिहा.

आपली,
पूजा


गुंद, ता. २५ मे २०२५

चि. सौ. पूजा व चि. योगेशराव यांस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घडलं ते असं. दुसरी पंगत उठली, तिसरी बसली. तुझी आई डाव हातात धरून कोण जेवलं, कोण राहिलं ते बघत होती. शिवानंद मांडवाच्या कडेला बसून नुसतं पाणी पीत होता. तिनं त्याला तीनदा बोलावलं. तो मान हलवायचा. तिला वाटलं, आपल्याकडून काही चुकलं, म्हणून पाहुणा रुसला. शेवटी विचारायला गेली, तर त्यानं खिशातला कागद काढून सातवं कलम वाचून दाखवलं.

मग माझी पाळी. अडुसष्टाव्या वर्षी तुमची अक्कल चरायला गेली काय भावजी, माझ्या लेकीच्या लग्नात, माझ्या दारात माणूस उपाशी ठेवता, असं काय काय बोलली. आचारीसुद्धा ढवळायचं विसरले. मी हात जोडले. म्हटलं, बायजा, मागं सर म्हणालो ते माझं चुकलं, पण हे कलम एकट्यानं खोडायचा मला अधिकार न्हाई. पूजाची सही लागते आणि पूजा मांडवात हाय. पुढचं तुला ठाऊक.

फोटो निघाल्यावर तिनं स्वतः शिवानंदचं पान मांडलं. तीनदा खीर वाढली.

परवा त्यानं मोठा फोटो आणून दिला. एका हातात कागद, दुसरा तुझ्या हातात, नाकावर पीठ. केस बघा कसे दिसतात, म्हणून ती कुरकुरते आणि दारात आलेल्या प्रत्येकाला फोटोपुढं उभं करते.

आता कॅसलरॉकची फुला लेकीच्या लग्नाचा असाच कागद मागायला आली होती. तीही बिचारी नवऱ्यामागं एकटी. मी तारीख, वेळ, मुक्काम असं लिहायला लागलो, तर तुझी आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, भावजी, ते सगळं मागनं, आधी जेवणाचं लिहा. फुला नको नको म्हणत उठायला लागली. तुझ्या आईनं तिला खांद्याला धरून स्वतःच्या फोटोखाली बसवलं.

या कागदात ते कलम पहिलं आहे.

तुमच्या लोभाला चाळीस दिवसांची मुदत न्हाई, तो कायमचा ठेवा.
झिलूकाका