काळा की चकचकीत

पडेगाव, शुक्रवार संध्याकाळ

लेकीनं, मुक्तानं, स्वतः घडवलेलं वाद्य उद्या रंगाला जाणार. अॅल्युमिनियमचं अंग, दहा तारा. छेडायचं नाही, दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर टकटक करायची. मग हे तंतुवाद्य म्हणावं की घनवाद्य? "बाबा, आधी वाजू तर द्या," मुक्ता म्हणाली.

काळा मॅट की चकचकीत, हे मी सांगायचं होतं. पटकन म्हणून गेलो, "कल्हई कर."

"कल्हई पातेल्याला करतात, बाबा."

माहीत आहे की. कल्हई होऊन आलेलं पातेलं आई आधी बोटांनी वाजवून बघायची, मग आत डोकावायची. तोंड दिसलं की पसंत. तो आवाज आज दिवसभर कानात का आहे?

मुक्ताला काळाच हवा. चकचकीत असलं की स्टेजचे दिवे डोळ्यांवर येतात. बरोबर आहे तिचं. मग तीच म्हणाली, "कल्हई आतूनच असते ना? मागची बाजू चकचकीत ठेवते. ती माझ्या अंगाशी असेल."

आजीला कधी न पाहिलेली ही मुलगी. मी नुसतं "चालेल" म्हणालो. फारच सरकारी उत्तर झालं.