नव्वद दिवस न वापरलेलं खातं

३ जून

रुजू झाले एकदाची! विद्यापीठाच्या संगणक केंद्रात, अकरा महिन्यांच्या करारावर. चौथी नोकरी, विसावा करार, तरी हौसेनं नवी चप्पल घातली आणि पहिल्याच जिन्यात ती चावली. खोली मात्र छान आहे. पहिला मजला, दोन मोठ्या खिडक्या, तीन टेबलं, कुरकुरणारा पंखा, आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत संगणक व नेटवर्कच्या जबाबदार वापराचे चौदा नियम. आपला पासवर्ड कुणाला देऊ नये, दुसऱ्याच्या खात्यात शिरू नये, काम झालं की बाहेर पडावं, वगैरे वगैरे. नियम वाचले अशी मी सही केली, आणि सही वाळायच्या आत साहेबांनी हातात एक चिठ्ठी ठेवली. माझ्या आधी या खुर्चीवर ज्या बाई होत्या त्यांचा पासवर्ड. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. निवृत्त झाल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. तुमचं खातं होईपर्यंत हेच वापरा, आम्ही सगळे असंच करतो, असं साहेब म्हणाले. मी चौथ्या नियमाकडे बोट दाखवलं तर मनापासून हसले. माणूस मोकळा वाटला.

संध्याकाळी सातला लेकीचा फोन. ती परगावी शिकते, आमचं रोजचं बोलणं ठरलेलं. आई, या वेळी तरी साहेबांशी भांडू नकोस, असं बजावलंन. बघू.

९ जून

काम असं: रोज सकाळी पडद्यावर एक यादी येते. नव्वद दिवस कुणी न वापरलेली खाती. शिकून गेलेली मुलं, सोडून गेलेले प्राध्यापक. प्रत्येक नावापुढे दोन बटणं, 'ठेवा' आणि 'बंद'. 'ठेवा' दाबायचं तर त्या माणसाचा त्याच खात्यातून अर्ज यावा लागतो. पाच वाजेपर्यंत मी काहीच दाबलं नाही तर खातं आपोआप बंद. थोडक्यात, मी नसले तरी अडणार नाही. पण खुर्ची भरलेली दिसायला हवी. अशा खुर्च्या भरण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत.

शेजारच्या टेबलावर टोपीवाले. डोक्यावरची लोकरी टोपी उकाड्यातही उतरत नाही. जिभेला हाड नाही, कामाचं सोडून सगळं तोंडपाठ. मोठ्या बाईंची माहिती त्यांच्याकडूनच मिळाली: एकट्या राहायच्या, मूलबाळ नाही, गुडघे कायम दुखायचे, चहा बिनसाखरेचा. कुणी काम घेऊन आलं की 'बसा हो, घाई कुणाला आहे' म्हणायच्या. टोपीवाले एप्रिलच्या सुरुवातीला स्वतःचा पासवर्ड विसरले. तेव्हापासून एका वारलेल्या भांडारपालाच्या खात्यातून काम करतात. तो फार घुमा होता म्हणे, कुणाशी दोन शब्द बोलायचा नाही. हे सांगताना स्वतः मात्र अर्धा तास बोलले.

२४ जून

गुडघा दुखतोय. जिने चढून, दुसरं काय. माझ्या खात्याचा पत्ता नाही. साहेब म्हणतात, होईल हो. मुख्य कचेरी म्हणते, साहेबांना विचारा. या टोलवाटोलवीचा मला आता रागही येत नाही, नुसती जांभई येते. माझी सगळी पत्रं मोठ्या बाईंच्या नावानं जातात आणि उत्तरंही त्यांनाच येतात. एका प्राध्यापकानं तब्येतीची चौकशी केली. बरी आहे, असं कळवून टाकलं. कुणाकुणाला समजावत बसणार?

२ जुलै

यादीत टोपीवाल्यांचं नाव. त्यांना दाखवलं तर म्हणाले, अर्ज करायला आत तरी कसा शिरू? दोघंही पोट धरून हसलो. मी 'बंद' दाबलं. तसंही वापरत नव्हते.

३ जुलै

टोपीवाले आज टोपीशिवाय आले. कुणाशी बोलले नाहीत. मान खाली घालून दिवसभर काम केलं.

दुपारी त्यांची बायको विसरलेला चष्मा घेऊन आली. आपण कुणाकडे आलात, असं त्यांनी तिला विचारलं. तिला थट्टा वाटली. हसली, मग हसायची थांबली. ते अगदी शांतपणे म्हणाले की काहीतरी गैरसमज होतोय, मी लग्न केलेलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मला तिच्याकडे बघवेना. साहेबांनी तिला पाणी दिलं, जिन्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन मला सांगितलं की तो भांडारपाल अविवाहित होता. जणू एवढ्यात सगळं आलं.

चष्मा टेबलावर तसाच आहे. बटण मी दाबलं होतं.

८ जुलै

साहेबांना सरळ विचारलं. तेही आधीच्या साहेबांच्या खात्यातूनच काम करतात. स्वतःचं कधी बंद झालं, आठवत नाही. शिकून गेलेल्या मुलांचं काही बिघडत नाही म्हणाले, ती आपापल्या नावानं कुठंतरी जगतच असतात. ज्यानं दुसऱ्याचं घेतलं त्याचंच अवघड. पण सुरुवातीलाच जड जातं, पुढं त्रास होत नाही. हे सांगताना आवाजात जरासुद्धा दुष्टपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

२१ जुलै

काल लेकीचा वाढदिवस होता. तो तिनंच मला फोन करून सांगितला.

गेला आठवडाभर बिनसाखरेचा चहा पितेय आणि लक्षातही आलं नाही. आज एका मुलाला 'बसा हो, घाई कुणाला आहे' म्हणाले. माझ्या तोंडून. मी, जिला सगळ्याची घाई असते.

जुन्या नोंदी उपसल्या. माझं खातं ३ जूनलाच उघडलं आहे. पासवर्ड मला कळवला होता, त्याच खात्यावर पत्र पाठवून! किल्ली कुलपाच्या आत ठेवून दार लावलंय शहाण्यांनी. बोटांवर मोजलं. नव्वदावा दिवस १ सप्टेंबर.

मोठ्या बाईंना मूलबाळ नव्हतं. मला फक्त याचीच भीती वाटते. बाकी माझ्यातलं काय जायचं ते जाऊ दे.

११ ऑगस्ट

नव्या पासवर्डसाठी अर्जावर साहेबांची सही लागते. तीन अर्ज दिले. तिन्ही त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली आहेत.

नोकरी सोडून पळावं म्हटलं, पण यादीत येणारं नाव थोडंच पळणार आहे? चार दिवस रजा घेऊन घरी बसले. मोठ्या बाईंच्या खात्याला हातही लावला नाही. परत येऊन बघते तर तेवढ्यात सतरा पत्रं गेलेली. आणि बोटं माझी दुखत होती.

लेकीनं विचारलं, घसा बसलाय का. हो म्हटलं.

२४ ऑगस्ट

सातला फोन वाजला. कोण बोलतंय, असं विचारलं मी. तिकडून दोनदा 'आई, आई' आलं. मग रडली. मग आठवलं मला — पण आधी नाही आठवलं — आधी ती रडली.

खूप दमलेय. पडून राहावंसं वाटतं. पडून राहिलं तर मोठ्या बाईच येतील, आयत्या.

३१ ऑगस्ट

मुख्य कचेरीत ठाण मांडलं. भांडले. टेबलावर हात आपटला. शिपायानं दंड धरला तरी हलले नाही. शेवटी कारकुनानं वैतागून पाकीट हातात कोंबलं. नवा पासवर्ड! माझ्या नावानं! केंद्रावर पोचेपर्यंत कुलूप लागलं होतं.

उद्या. उद्या सकाळी.

१ सप्टेंबर

यादीत पहिलंच नाव माझं. वाचायला वेळ लागला.

पासवर्ड चालला. चालला! — पण पुढे एक प्रश्न. ओळख पटवण्यासाठी. रुजू होताना फॉर्मवर उत्तर मीच लिहिलं होतं म्हणे. 'तुमच्या मुलीचं नाव?' तीन वेळा चुकलं तर खातं गोठणार.

एक लिहिलं. चूक. दुसरं लिहिलं, सहज आलं म्हणून — चूक. ते मोठ्या बाईंच्या बहिणीचं होतं.

तीन वाजले. ही वही पहिल्या पानापासून वाचली. लेक, लेक, लेक. फोनमध्येही 'लेक'. एकदाही नाव नाही — एकदा तरी लिहायचं होतंस गं बाई —

साडेचार. फोन लावतेय. उचलत नाही. वर्गात असेल. कसला वर्ग — काय शिकते ती —

पावणेपाच. साहेब मागे येऊन उभे. म्हणाले, आता दमू नका.

पाचला तीन कमी. फोन. कुणीतरी पोरगी आहे, मला आई म्हणते. तिला म्हटलं, बाळ, तुझं नाव सांग, फक्त नाव. ती रडते. सांगितलं. मी म्हटलं परत सांग. परत सांगितलं. नीट ऐकू आलं, अगदी स्पष्ट. आधी इथं लिहून ठेवते, म्हणजे टाइप करेपर्यंत जाणार नाही. तिचं नाव —