तांब्यावरची लिंबाची पानं

आबा, तुम्ही हे वाचणार नाही हे मला कळतं, तेव्हा उगाच लांबण लावत नाही. चर्चच्या पाळकांनी छताला टांगायचा बिजलीचा दिवा मागितला. म्हणाले, "काचेचा साहेबी नको बाई, आपल्याकडच्या झाडापानाचं काहीतरी काढा." धनी दुकानात बसतात, पण त्यांचा हात कापरा झालाय, भांड्यांवर ठोका आता माझाच. लढाईमुळे तांब्याचा पत्रा मिळेना, म्हणून घरचं अंघोळीचं घंगाळ कापलं. दारातल्या कडुलिंबाची डहाळी समोर ठेवून पानं कातरली, गोल जोडली, दिवा आत सोडला. आत लख्ख, बाहेर अंधार. सवयीनं प्रत्येक सांधा मी घट्ट बुजवलेला! पाळक हसले, "यात पाणी भरायचंय का?"

ते मला लागलं, कारण तुम्हीही एकदा पाण्याचंच विचारलं होतंत. तेव्हा मी परकरी पोर. तुम्ही जेवायला उठलात आणि मी तुमच्या नव्या तांब्याला छिन्नीनं लिंबाच्या पानांची भोकं पाडली, आत पणती ठेवली. चुलीमागच्या भिंतीवर पानं हलतायत, आई हातातली भाकर विसरलीय, आणि तुम्ही उंबऱ्यात. "पानी ऱ्हाईल का यात? तांबटाची पोर तू, का चाळणवाल्याची?" फुंकर मारून पणती विझवलीत. पुढं लग्नात तोच तांब्या फडक्यात गुंडाळून माझ्या भांड्यांत घातलात. तांब्याच्या तोंडातून आत हात घातला, तर भोकं झाळून बुजवलेली लागली. सासरी जातानाही टोमणा! डोकंच फिरलं. "वरून बघ तरी," आई म्हणाली. मी फडकंही सोडलं नाही, माळ्यावर टाकला. माहेरी आले की तुम्ही विचारायचात, "तांब्या वापरती का गं?" मी म्हणायची, "पान्याला दुसरा हाय." तुम्ही मान खाली घालून ठोकत राहायचात. मग एका वर्षी तुम्हीच राहिला नाहीत.

पाळक गेल्यावर तिरीमिरीत तोच तांब्या कापायला काढला. काळाकुट्ट. पत्रा किती चांगला उरलाय बघावं म्हणून चिंच लावून घासते, तर तांबड्या अंगावर पिवळी पानं. आबा, भोक बुजवायला गोल ठिगळ पुरतं. तुम्ही पितळेचं एकेक पान कातरलं होतंत, कडेच्या दात्यांसकट, मधल्या शिरेसकट. माझी छिन्नी घसरून एक पान वाकडं गेलं होतं, तेही तसंच वाकडं. मी तिथंच बसून राहिले, चिंचेचे हात तसेच.

तुमच्या पानांवर कागद ठेवून नमुना घेतला, घंगाळाच्या उरलेल्या पत्र्याला तीच पानं पाडली आणि या खेपेला उघडी सोडली. दिवा टांगलाय. भिंतीवर पानं पडतात. पाळक म्हणाले, "एक जरा वाकडं झालंय." म्हटलं, ते तसंच राहू द्या.

तांब्या कापला नाही. हल्ली त्यातूनच पाणी पिते, थेंबही गळत नाही. हा कागद सकाळी चुलीत जाईल, म्हणून सांगून टाकते: राग अजून गेलेला नाही. आई म्हणाली ते एकदा तुम्ही म्हणाला असतात, तर मी फडकं सोडलं असतं.