सात नंबरची गळती

३ मार्च, सोमवार

ताई आज कधी नव्हे ती ऑफिसातच येऊन बसली. तिच्या शिलाईच्या कारखान्यात — कारखाना कसला, तीन मशिनी आणि दोन बायका! — रोज दुपारी बारा ते सहा लाइट नसते. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आहे, साडेचारशे नग, महिनाअखेर द्यायचे. नाही दिले तर शाळा दुसरा शिंपी बघणार आणि ताईला मशिनी विकाव्या लागणार. "सख्खी बहीण वीज कंपनीत हिशेबाला आणि मी अंधारात! काहीतरी कर गं."

मी काय करणार? नियम सरळ आहे. कंपनी वीज विकत घेते. त्याचे तीन महिन्यांचे पैसे आम्ही थकवलेत, म्हणून वीज विकणारे हात आखडता घेतात. जी काही वीज मिळते ती मग, जिथून पैसे परत येतात तिथे आधी सोडायची. सात नंबरच्या वाहिनीवर, म्हणजे ताईच्या वस्तीत, शंभर युनिट सोडले की चौपन्नांचंच बिल निघतं. उरलेले सेहेचाळीस गळती. तक्ता दर महिन्याला मीच करते.

बोलून गेले — "तुझ्या वस्तीला तारांवर आकडे टाकणं बंद करायला सांग, लाइट आपोआप येईल." ती चहा अर्धा टाकून उठली. बोलायला नको होतं. पण खोटं काय बोलले?

४ मार्च

घरचं बिल आलं. आळीत सगळ्यात कमी, नेहमीप्रमाणे! हे म्हणाले, "फ्रेम करून लाव." लावीनही. सासरे जुने लाइनमन, याच कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांची शिस्त आहे घराला. खोलीतून निघताना बटण बंद, एका दिव्यात दोघांनी वाचायचं. इस्त्री मागच्या त्यांच्या खोलीतच करायची, फ्रिजही तिथेच — पुढची बटणं कच्ची आहेत म्हणतात. घरातली दुरुस्ती सगळी स्वतः करतात, बाहेरच्या माणसाला हात लावू देत नाहीत. माहेरी मी असा टापटिपीचा माणूस पाहिला नाही.

ताई मागे एकदा म्हणाली होती, "तुझं बिल इतकं कमी येतं तरी कसं गं?" तिला काटकसर काय कळणार!

८ मार्च, शनिवार

ताईने कापडाची पिशवी आणून टेबलावर आपटली. वस्तीत दारोदार फिरून गोळा केलेली बिलं. दोनशे बारा. सगळी भरलेली, शिक्के मारलेले.

"मोज. आणि मग चोर म्हण."

पाणीसुद्धा घेतलं नाही.

९ मार्च, रविवार

सकाळपासून पिशवी घेऊन बसले. दोनशे बारा बिलं, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात वाहिनीचा नंबर — चार! एकावरही सात नाही. चार म्हणजे आमची. आमची कॉलनी, साहेबांचे बंगले, डॉक्टरांची रांग.

वाटलं, छपाईची चूक असेल. मग एक जुनी गोष्ट आठवली. मागच्या थंडीत चार नंबरची गळती उणे दोन आली होती. म्हणजे शंभर युनिट सोडले आणि एकशे दोनांचं बिल वसूल केलं! साहेब हसले होते — "आपल्या तारा दुभत्या झाल्या हो! शून्य लिहा. उणे लिहिलं की मुख्यालय प्रश्न विचारतं." मी शून्य लिहिलं. त्याबद्दल चार नंबरला आदर्श वाहिनीची ढाल मिळाली. ती माझ्याच खुर्चीमागे टांगली आहे. चोवीस वर्षं हिशेब करते, आणि विकत घेतल्यापेक्षा जास्त विकलं हे खपवून घेतलं!

१० मार्च

वस्तीच्या लाइनमनला घेऊन खांब बघायला गेले. तो सहज म्हणाला, "बाई, ही वस्ती सातवरच आहे. पूर्वी चारवर होती. पाच वर्षांपूर्वी ट्रान्सफॉर्मरचा नवा डबा बसला तेव्हा तारा आम्ही इकडे जोडल्या."

"ऑफिसात कळवलं नाहीत?"

"कुणी विचारलं तर सांगू ना!"

तारा बदलल्या, वही बदलली नाही. वस्ती वीज घेते सातची, पैसे भरते, आणि ते जमा होतात चारच्या नावावर. पाच वर्षं हे लोक आमच्या कॉलनीची अब्रू राखतायत आणि दिवसाचे सहा तास घामात बसतायत.

११ मार्च

नवा तक्ता मांडला. सातची गळती अकरा. चारची एकतीस. तीनदा केला. एकतीसच.

साहेबांनी तक्ता पालथा घातला. मग — "मला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. झाकली मूठ राहू द्या ना."

मी म्हटलं, "एकूण बेरीज तीच राहते साहेब. कंपनीचा एक पैसाही इकडचा तिकडे होत नाही."

"बेरीज तीच असेल हो, पण नावं बदलतात ना!"

सही केली नाही.

१४ मार्च

माझ्या एकटीच्या सहीने पाठवला.

१७ मार्च

मुख्यालयातून फोन. साहेबांनी त्यांना सांगितलं, "आम्हीच शोधून काढलं." आम्ही! बरं, असो. सही झाली हे महत्त्वाचं.

२४ मार्च, सोमवार

सात नंबरचं भारनियमन आजपासून बंद. दुपारी ताईचा फोन. तिने तो मशिनीजवळ धरला फक्त. तिन्ही मशिनी चालू होत्या. मीच रडले मग, ऑफिसात, सगळ्यांसमोर.

तिची माफी मागितली. म्हणाली, "माफी राहू दे, काजं करायला ये." संध्याकाळी गेले. माझी काजं तिने उसवून परत केली.

३१ मार्च

साडेचारशे नग पोचले! पुढच्या वर्षाची ऑर्डरही तिलाच.

२ एप्रिल

आता वरात आमच्या दारी. मुख्यालयाचा हुकूम — चारवर एकतीस टक्के चोरी कोण करतंय ते घरोघर जाऊन बघा, नाहीतर दहा तारखेपासून कॉलनीत सहा तास लाइट बंद. शेजारीण जिन्यात भेटली — "तुमच्यामुळेच ना हे?" म्हटलं, हो.

तपासणी पथकाचा प्रमुख भला माणूस आहे. म्हणाला, "यंत्रबिंत्र नंतर. आम्ही मीटरजवळचा मेन स्विच पाडतो आणि घरात काय चालू राहतं ते बघतो. चोर तिथेच सापडतो." सगळ्यांसमोर मी म्हटलं, "सोमवारी सुरुवात माझ्या घरापासून करा. म्हणजे कुणी तोंड वर करून बोलणार नाही."

३ एप्रिल

जेवताना हे सगळं सांगितलं. हे खूश. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "घरात परकी माणसं कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, तुमचीच शिस्त दाखवायची आहे त्यांना!"

नंतर बराच वेळ त्यांच्या तरुणपणचं सांगत बसले. कंपनीकडे पैसा नव्हता, सात महिने पगार दिला नव्हता. हे तेव्हा तान्हे. "तरी घराला काही कमी पडू दिलं नाही मी." पूर्वी हे कधी सांगितलं नव्हतं. मला भरून आलं.

५ एप्रिल, शनिवार

सासरे दोन दिवस नीट जेवत नाहीत. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर नको. आज सकाळी स्टूलवर चढायला बघत होते, मीटरपाशी. गुडघा साथ देईना. धरून खाली उतरवलं. या वयात कसली धूळ झटकायची असते! मीच झटकीन म्हटलं.

६ एप्रिल, रविवार

दुपारी स्टूलवर चढून मीटर पुसला. मग गंमत म्हणून मेन पाडला. पुढच्या खोलीतला दिवा गेला.

मागच्या खोलीत फ्रिज घुरघुरत होता. सासरे पत्ते पिसत होते, मान खाली. त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

उद्या दहा वाजता पथक येईल.