लेखाखालचं नाव

बाई,

"तू लिही, खाली नाव मी टाकते," असं तुम्ही म्हणालात तेव्हा तुमच्या बोटांना खळ लागली होती आणि ती तुम्ही खिडकीच्या गजाला पुसत होतात. मी नववीत होते. शनिवारची बालसभा आटोपली होती. भित्तिपत्रिका मंडळाच्या आम्ही पाचजणी मागच्या खोलीत कार्डशीट पसरून बसलो होतो. ते तुम्ही स्वतः बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून सायकलरिक्षात उभं धरून आणलं होतंत, त्याची एक कड वाऱ्यानं मुडपली होती. मंडळाचा नियम होता की वडिलांच्या सहीची चिठ्ठी आणेल तिचंच नाव लेखाखाली येईल. माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. बाबांनी एकदाच विचारलं होतं, "हे पत्रिका-बित्रिका काहून? शाळा सुटली की सरळ घर." पुढच्या शनिवारपासून मी घरी सांगत आले की गणिताचा जास्तीचा तास असतो. हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही रागावला नाहीत, फक्त म्हणालात, "गणितात कमी मार्क पडले तर दोघी पकडल्या जाऊ."

आमचं क्वार्टर तुम्ही कधी पाहिलं नाहीत. दोन खोल्या, मागे मोरी, आणि मोरीच्या भिंतीपलीकडे बाबांच्या फॅक्टरीची भिंत. भोंगा वाजला की दूध तापवायचं, भोंगा वाजला की दार उघडायचं. आई दम्यानं बसून असे, धाकटे दोघं भाऊ माझ्या कमरेला. शाळेतून घर आणि घरातून शाळा, मधे तुमची ती मागची खोली. आठवड्यातले दीड तास. मी बाकीचा आठवडा त्या दीड तासाकडे तोंड करून बसलेली असायची.

बाबा ज्या विभागात होते तिथे तोफगोळ्यांत दारू भरत. त्या भुकटीनं हात पिवळे होत, आणि धुऊन जात नसत. बाबांची उशी पिवळी, बनियनचा गळा पिवळा, त्यांच्या कपाचा कान पिवळा. त्यांचा साबणसुद्धा वेगळा होता, मोरीच्या कोपऱ्यात फुटक्या बशीत. शेजारच्या काकू हसून म्हणायच्या, "आमच्या यांना रोज हळद लागते, नवरी मात्र मी एकदाच झाले." माझ्या धाकट्या भावाची समजूत होती की मोठं झालं की पुरुषांचे हात पिवळेच होतात. आमच्या ओळीत कुणालाच ते नवल नव्हतं. म्हणूनच मी ते लिहिलं. आत काय बनतं ते बाहेर बोलायचं नसतं, हे आम्हाला दूध पितानाच शिकवलेलं. पण हात काय आत राहतात? हात तर रोज घरी येत होते.

लेख हिंदीत होता. मी लिहिलं की उन्हाळ्यात बाबांचे हात लिंबासारखे होते, राखीपौर्णिमेपर्यंत पिकल्या केळ्यासारखे झाले, आणि दिवाळीला ओवाळताना पाहिलं तर हळकुंडासारखे. आता ते रविवारीही जातात, येतात तेव्हा आम्ही झोपलेलो असतो, आणि सकाळी उशीवरून मला कळतं की ते येऊन गेले. तुम्ही तो लेख तीनदा वाचलात. एक वेलांटी दुरुस्त केलीत. मग ते नाव टाकायचं वाक्य म्हणालात. आपल्या दोघींनाही दिसलं नाही, बाई, की मी हाताचा रंग नव्हे, महिने लिहिले होते. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई लागली, आणि आमच्या भिंतीवर, पिना टोचून, गोळे कधीपासून भरले जात होते त्याचा हिशेब लटकत होता.

त्या दिवसांत सगळ्या मंडळांचं एकच काम झालं होतं. शिवणकामाचं मंडळ, नाटकाचं, रेडक्रॉसचं, सगळ्या मुली जवानांसाठी स्वेटर विणत. वर्गाच्या काचांना काळा कागद लावला होता आणि दुपारी दिवा लावून आम्ही टाके मोजायचो. त्या स्वेटरांची गाठोडी न्यायला फॅक्टरीतून एक साहेब आले. मी गाठोडं धरून व्हरांड्यात उभी होते. साहेब जाता जाता भित्तिपत्रिकेसमोर थांबले. आधी हसत वाचत होते. मग त्यांनी चष्मा लावला. मग एकेक पिन काढली आणि पिना खिशात टाकल्या.

"यह किसने लिखा है?"

"मैंने. नीचे मेरा नाम है न," तुम्ही म्हणालात.

"आपके पिताजी फैक्ट्री में हैं?"

"उन्हें गुज़रे ज़माना हो गया. लेख है साहब. लेख में बाप बना लेते हैं."

माझ्या हातातल्या गाठोड्याची गाठ सुटली आणि एक बाही लोंबायला लागली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. ती बाही तेवढी आत खोचलीत.

पुढचा आठवडा बाबांच्या विभागातल्या एकेकाला बोलावून विचारत होते की त्या बहनजीशी, म्हणजे तुमच्याशी, कुणाची ओळख आहे. बाबा घरी आले आणि मोरीत हात घासत बसले, नेहमीपेक्षा कितीतरी वेळ. मी पाणी ओतत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तू त्या बहनजीजवळ कधी काही बोलली काय?"

"नाही बाबा."

"काहून बोलशील म्हणा. तू तर गणिताच्या तासाले जात होती."

मी पाणी ओतत राहिले. तांब्या रिकामा झाला तरी ओतत राहिले.

तुमची बदली आडगावी, कुंडमला झाली. मंडळ बंद झालं, मागच्या खोलीत मोडकी बाकं भरली. जायच्या दिवशी तुम्ही मला त्याच खोलीत बोलावलंत. मी रडत म्हणाले, मी बाबांना सगळं सांगते, मोठ्या बहनजींना सांगते. तुम्ही तुमच्या रुमालानं माझं नाक पुसलंत, मी पाच वर्षांची असल्यासारखं. "सांगून काय होईल? माझी बदली थांबेल? तुझ्या बाबांचं मात्र पोट जाईल. खाली नाव माझं आहे, तर ते माझंच. शब्द दे." मी दिला. मग दाराशी वळून म्हणालात, "आणि लिहिणं सोडायचं नाही. हाही शब्द." तोही मी दिला. तिसऱ्या वर्षी तुम्ही वारल्याचं मला बालसभेत कळलं. दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. माझ्या शेजारच्या मुलीनं विचारलं, "कौन थीं?" आणि मी म्हणाले, "पता नहीं."

पहिला शब्द मी पाळला. दुसरा मोडला. त्या लेखानंतर हजेरीपट आणि परीक्षेचे पेपर सोडून मी काही लिहिलेलं नाही.

बाबा आता माझ्याकडे असतात. आई गेली, भाऊ पुण्याला आणि भिलाईला. चौकशी झाली त्या वर्षी त्यांची सुपरवायझरची बढती अडली, ती अडलीच; लागले होते त्याच कामावरून निवृत्त झाले. बढती त्या चौकशीमुळे अडली की आणखी कशानं, मला माहीत नाही. त्यांना मात्र पक्कं माहीत आहे. आल्यागेल्याला सांगतात. परवा कारगिलच्या बातम्या लागल्या होत्या, भोंगा पुन्हा अवेळी वाजायला लागला आहे, तो ऐकून ते चपला शोधायला उठले आणि मग आठवून बसले. म्हणाले, "एका बाईनं खाल्लं मले. पाहिलं नाही, बोललो नाही, आन् तिनं माहे हात लिहून ठेवले." हात आता पांढरे आहेत, बाई. नखंसुद्धा. पण साबण अजून वेगळाच ठेवतात. मी त्यांच्यापुढे चहा ठेवते आणि ऐकून घेते. तुमच्यावर बोल लागतो तेव्हा कपाच्या बशीकडे बघते.

मी आपल्याच शाळेत शिकवते. शाळा उघडल्यावर मोठ्या मॅडमनी भित्तिपत्रिका मंडळ पुन्हा सुरू करायला सांगितलं, माझ्याच गळ्यात घातलं. मोडकी बाकं निघाली. गज तेच आहेत. काल नववीतली एक मुलगी कागद घेऊन आली. ती खमरियाच्या बाजूला, फॅक्टरीच्या क्वार्टरात राहते; वडील फॅक्टरीत आहेत, रात्री परत येत नाहीत, त्याबद्दल तिनं लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं. म्हणाली, "मैडम, छापिए, पर नाम मत डालिएगा. पापा मना करते हैं." तुमचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. खरंच आलं होतं. आणि मी कागदाची घडी करून तिच्या हातात परत दिली. म्हणाले, "घर ले जाओ बेटा. फूलों पर कुछ लिख लाना." ती "जी" म्हणाली आणि गेली. आज तिनं गुलाबावर दहा ओळी आणून दिल्या.

त्या दहा ओळी भिंतीवर लावताना मला कळलं की मी इतकी वर्षं कुठे आहे. क्वार्टर सुटलं, भिंत सुटली नाही. मधल्या सुट्टीत, उरलेल्या अर्ध्या कार्डशीटवर हे लिहिते आहे. पाठवायला पत्ता नाही. कुंडमला तुम्ही कुठे राहत होतात तेही मी कधी विचारलं नाही. घरी नेऊन डाळीच्या डब्यामागे ठेवीन. बाबा तिथे हात घालत नाहीत.

एक कबूल करते. शब्द दिला होता म्हणून मी गप्प राहिले, असं आजवर स्वतःला सांगत आले. ते निम्मंच खरं. बाबांचं पोट वाचवायचं होतं ते केव्हाच वाचलं. त्यांची पेन्शन आता कोण काढून घेणार? उरली आहे ती माझी भीती. गणिताच्या तासाला जाणारी पोरगी त्यांच्या डोळ्यांसमोरून जाईल, आणि तिच्या जागी मी बसलेली दिसेन.

तुम्ही नाहीच म्हणाल. रुमाल काढाल आणि म्हणाल, आता या वयात त्यांना कशाला. तुम्ही तसं म्हणाल याची खात्री आहे म्हणूनच विचारायचं धाडस होतं आहे, हेही तुम्हाला कळेल.

तरी विचारते. तो लेख मला परत द्या, बाई. आज संध्याकाळी मोरीत ते हात धुतील तेव्हा मी पाणी ओतत असेन. सांगू का त्यांना?